माणसाचं मलम कुत्र्या-मांजराला लावण्याआधी

कुत्रा रात्रभर कान खाजवतो, मांजरीच्या शेपटीजवळचे केस विरळ होतात, पोटावर लालसर चट्टा दिसतो, आणि आपला हात आपसूक औषधांच्या डब्याकडे जातो. अर्धी वापरलेली एखादी ट्यूब तिथे असतेच. माणसाच्या कातडीला चाललं ते जनावराच्या कातडीलाही चालेल, असा साधा हिशेब मनात होतो. तो चुकतो, कारण धोका बहुतेक वेळा कातडीत नसतो, जिभेत असतो. मांजर जागेपणीचा मोठा वेळ स्वतःला चाटण्यात घालवते. कुत्र्याच्या अंगाला काही चिकट लागलं की तो ते साफ केल्याशिवाय राहत नाही. घरात दोन जनावरं असतील तर एकाच्या पाठीवरचं मलम दुसरं चाटतं.

म्हणून अंगावर लावलेलं प्रत्येक औषध पोटात जाणार असं धरूनच चालायचं. ट्यूब उचलली की "याने चट्टा जाईल का" हा प्रश्न नंतर. आधी विचारायचं, "लावलेलं सगळं चाटलं तर काय होईल?" खालची सगळी तपासणी याच प्रश्नाभोवती फिरते.

कातडीचा फरक

माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या केसाळ कातडीत जेमतेम ३ ते ५. माणसाची कातडी आम्लधर्मी, पीएच ५.५ च्या आसपास. कुत्र्याची बरीचशी उदासीन, ७ किंवा त्याहून थोडी वर. त्यामुळे माणसाच्या कातडीसाठी जुळवलेला शॅम्पू किंवा लोशन कुत्र्याची कातडी कोरडी करतं, जळजळ करतं, आणि खाजवून सोललेल्या जागेतून औषध भराभर आत शिरतं.

वजनाचा हिशेब वेगळाच. ६० किलोच्या माणसासाठी जे नगण्य, ते ४ किलोच्या मांजरीसाठी दर किलोमागे १५ पट होतं. त्यात मांजरीच्या यकृताची एक उणीव आहे: ग्लुक्युरोनिडेशन नावाची जी प्रक्रिया कित्येक औषधांना लघवीवाटे बाहेर काढण्याजोगं बनवते, ती मांजरीत फार कमकुवत असते. फिनॉल आणि सॅलिसिलेट जातीची द्रव्यं तिच्या शरीरात साचत जातात. कुत्र्याला चाललेलं औषध मांजरीला चालेलच असं नाही, ते यामुळे. मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे, हे घरात दोन्ही असणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवायचं.

ट्यूब वाचायची कशी

समोरच्या बाजूचं मोठं नाव सोडून द्या. एकाच नावाची चार-पाच मलमं बाजारात असतात आणि फरक फक्त शेवटच्या अक्षरात असतो. 'एन' म्हणजे बऱ्याचदा निओमायसिन, 'एस' म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड, 'जी' किंवा 'जीएम' म्हणजे जेंटामायसिन, सोबत मायकोनाझोल. ट्यूब उलटी करा आणि बारीक अक्षरांतले घटक वाचा. 'एक्स्ट्रा', 'प्लस', 'फोर्ट' असं काही लिहिलेलं असेल तर घटक किंवा त्यांचं प्रमाण बहुधा वाढलेलं असतं.

मग टक्क्यांचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करा. १ टक्का म्हणजे १ ग्रॅम मलमात १० मिलिग्रॅम औषध. ५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. ०.००५ टक्के पाहून हसू येतं, पण ते दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम होतं, आणि काही औषधांना तेवढं पुरतं.

तिसरं माप बोटाचं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. 'थोडंसंच लावलं होतं' याला काही अर्थ नसतो. 'दोन पेरं लावलं' म्हटलं की १ ग्रॅम, आणि त्यावरून डोस काढता येतो.

शेवटी आधार पाहा, म्हणजे औषध कशात मिसळलंय ते. स्पिरिटचं लोशन सोललेल्या जागेवर आग करतं. प्रॉपिलिन ग्लायकॉल मांजरीच्या तांबड्या पेशींना इजा करतं. पॉलिइथिलिन ग्लायकॉलचा आधार असलेलं मलम मोठ्या उघड्या जखमेवर वारंवार लावलं तर मूत्रपिंडावर भार पडू शकतो. तेलकट मलम मात्र केसांना चिकटून राहतं आणि चाटायचं आमंत्रणच देतं.

जी औषधं जनावराच्या आसपासही नकोत

ही लावायची तर नाहीतच, पण ती तुम्ही स्वतःसाठी वापरत असाल तरी जपून. बहुतेक गंभीर विषबाधा मुद्दाम लावल्याने होत नाहीत. उशीवर, हातावर, कचऱ्याच्या डब्यात उरलेल्या औषधाने होतात.

कॅल्सिपोट्रिऑल. सोरायसिसचं मलम, ड जीवनसत्त्वाचा कृत्रिम भाऊबंद. रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस चढवतं, आणि ते मूत्रपिंडात व हृदयात साचतं. कुत्र्यात दर किलो वजनामागे ६५ मायक्रोग्रॅमच्या आसपास मृत्यूची नोंद आहे आणि आजारी पडायला त्याहून बरंच कमी पुरतं. ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १५०० मायक्रोग्रॅम असतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी ६५० मायक्रोग्रॅम म्हणजे १३ ग्रॅम, अर्ध्याहून कमी ट्यूब. कुत्रे ट्यूब चावून फोडतात, आणि फोडली की अर्ध्यावर थांबत नाहीत.

फ्लुरोयुरॅसिल. उन्हाने आलेल्या कर्कपूर्व डागांवर आणि त्वचेच्या काही कर्करोगांवर लावायचं ५ टक्क्यांचं मलम. मराठी घरात क्वचित दिसतं, पण दिसलं तर कपाटाला कुलूप लावावं इतकं वाईट. कुत्र्यात दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास जीवघेणं. ४ किलोच्या लहान कुत्र्यासाठी ८० मिलिग्रॅम, म्हणजे १.६ ग्रॅम, म्हणजे बोटाची तीन पेरं आणि थोडं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, जानेवारी २०१७ मध्ये याबद्दल खास इशारा दिला, तो पाच कुत्री दगावल्यावर. त्यातल्या एकाने ट्यूबला फक्त दात लावला होता. मालकाने ती लगेच काढून घेतली, तरी दोन तासांत उलट्या आणि झटके सुरू झाले. मांजरीलाही हे पूर्ण वर्ज्य.

मिनॉक्सिडिल. डोक्यावरचे केस वाढवण्याचं लोशन, आणि खरं तर मूळचं रक्तदाब उतरवणारं औषध. मांजरीत हृदय आणि फुप्फुसांभोवती पाणी साचून जीव जातो. औषध लावून माणूस झोपतो, मांजर उशीवर डोकं टेकते आणि मग अंग चाटते, एवढा संपर्क पुरतो. मांजरीच्या टक्कल पडलेल्या जागी 'केस येतील' म्हणून हे लावण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तो होऊ देऊ नका.

वेदनाशामक जेल आणि बाम. डायक्लोफिनॅक, फ्लुर्बिप्रोफेन, किटोप्रोफेन यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. २०१५ मध्ये एफडीएने फ्लुर्बिप्रोफेनच्या क्रीमबद्दल इशारा दिला तेव्हा दोन घरांतल्या मांजरींचा प्रश्न होता: एका घरातल्या दोन उपचारांनी वाचल्या, दुसऱ्या घरातल्या तीन वाचल्या नाहीत. मालकांनी क्रीम स्वतःच्या मानेला किंवा पायाला चोळलं होतं, मांजरींना ते कुणी लावलं नव्हतं. बामांमधलं मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं. विंटरग्रीन तेलाच्या एका ५ मिलीच्या चमच्यात जवळपास ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. सोबत कापूर आणि मेन्थॉल असतातच. लंगडणाऱ्या कुत्र्याचा पाय बामने चोळणं ही माया कुत्र्याला महागात पडते.

पर्मेथ्रिन. माणसाच्या खरजेचं ५ टक्क्यांचं क्रीम, उवांचं १ टक्क्याचं लोशन. कुत्रा हे पचवतो, मांजर नाही: कान फडफडणं, अंग थरथरणं, मग झटके. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही गोचीडनाशक थेंबांत पर्मेथ्रिन ४५ टक्क्यांच्या वर असतं, तेव्हा ते थेंब मांजरीला घातले किंवा ताजे थेंब टाकलेल्या कुत्र्याला बिलगून मांजर झोपली तरी तेच होतं. खरजेची जुनी औषधं, लिंडेन आणि बेंझिल बेंझोएट, मांजरीसाठी तितकीच वाईट.

सुन्न करणारी क्रीमं आणि स्प्रे. बेंझोकेन किंवा लिग्नोकेनने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. मांजरीच्या हिरड्या गुलाबीऐवजी तपकिरी, चॉकलेटी दिसू लागतात. मूळव्याधीच्या मलमांतही हे घटक असतात.

टी ट्री तेल 'नैसर्गिक' म्हणून खपतं. न पातळ केलेले थेंब अंगावर घातले की काही तासांत अशक्तपणा, पाय लटपटणं, अंग गार पडणं. संप्रेरकांचे जेल आणि स्प्रे वापरणाऱ्यांच्या घरात कुत्रीची सडं सुजणं, केस गळणं असे प्रकार होतात, आणि कारण महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

रोजचा घोटाळा: तीन-चार औषधांचं मिश्रण

वरची औषधं जीव घेतात, पण रोजच्या रोज जास्त नुकसान करतं ते वेगळंच: स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं क्रीम. क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन, त्यात क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल, वर जेंटामायसिन किंवा निओमायसिन. काहीही असो, यातलं एक तरी लागू पडेल, हा त्यामागचा विचार. दोन दिवसांत लाली उतरते आणि मालकाला वाटतं, जमलं.

जमलेलं नसतं. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, कारण काढत नाही. गजकर्ण असेल तर वरून चट्टा फिका पडतो आणि बुरशी खालून पसरते. दोन आठवड्यांनी तो कडा पुसलेला, ओळखू न येणारा मोठा डाग होऊन परत येतो. डेमोडेक्स नावाचे किडे कुत्र्याच्या केसांच्या मुळांशी थोड्या संख्येने राहतातच. प्रतिकारशक्ती दबली की ते बेसुमार वाढतात, म्हणजे डोळ्याभोवतीच्या छोट्या टकलाचं मलमाने अंगभर केस गळणं होतं. जखमेवर लावलं तर जखम भरायची थांबते. एकाच जागी आठवडेच्या आठवडे चोळत राहिलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पांढुरके बारीक दाणे उठतात.

आणि पोटात गेलेला भाग आहेच. क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र गटातलं स्टेरॉइड. ते रोज चाटणारा लहान कुत्रा जास्त पाणी पितो, घरातच लघवी करतो, हावरटासारखा खातो, धापा टाकतो, पोट सुटतं. मालक त्याला म्हातारपण समजतो. अशी लक्षणं दिसत असतील आणि मलम कित्येक आठवडे चालू असेल तर ते एकदम बंद करण्याआधी पशुवैद्याशी बोला: शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, आणि अचानक तुटवडा पडला की जनावर कोसळू शकतं.

डोळ्यांच्या स्टेरॉइडयुक्त थेंबांबद्दल एवढंच: बुबुळावर ओरखडा असेल तर ते बुबुळ विरघळवू शकतात. ओरखडा आहे की नाही हे डोळ्यात हिरवा चमकणारा रंग टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा माणसाचे डोळ्यांचे थेंब घरी ठरवून घालायचे नाहीत. कानाचंही तसंच. पडदा फाटलेला असताना निओमायसिन, जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडिन आत गेलं तर बहिरेपण येऊ शकतं, आणि पडदा बाहेरून दिसत नाही.

तुलनेने सौम्य, तरी फुकट

साधं क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल थोडं चाटलं गेलं तरी सहसा फार बिघडत नाही. पण मांजरीच्या गजकर्णात बुरशी एका चट्ट्यापुरती नसते, सगळ्या केसांवर बीजाणू असतात. एका जागेवर क्रीम लावून बाकीचं अंग आणि घर तसंच राहतं. वर दोन आठवडे क्रीम लावलेल्या जागेचा नमुना घेतला तर बुरशी नाही असा खोटा निकाल येऊ शकतो.

म्युपिरोसिन आणि सिल्व्हर सल्फाडायझिन पशुवैद्यही लिहून देतात. म्युपिरोसिन मात्र इतर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी राखून ठेवलेलं बरं; प्रत्येक पुळीवर ते चोळत राहणं म्हणजे पुढच्या खऱ्या गरजेला ते बोथट करून ठेवणं.

झिंक ऑक्साइड असलेली क्रीमं, कॅलामाइन, सनस्क्रीन यांना निरुपद्रवी समजतात. एकदा चाटल्यावर बहुधा उलटी होते आणि विषय संपतो. रोज लावून रोज चाटू दिलं तर जस्त साचून तांबड्या पेशी फुटू शकतात. लहान मुलांच्या लंगोटाच्या काही क्रीमांत झिंक ऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत असतं. पेट्रोलियम जेलीने फार तर पोट बिघडेल.

जखम धुण्यासाठी काय, किती

इथे घरी करण्यासारखं थोडं काम आहे, आणि ते नीट करण्यासारखं आहे.

सर्वांत उत्तम मिठाचं पाणी. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून. काटा नसेल तर अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा. किंचित खारट होईल, चालेल. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने धार सोडा, चोळू नका.

१० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडिन असेल तर ५ मिली अर्ध्या लिटर पाण्यात, म्हणजे रंग फिक्या बिनदुधाच्या चहासारखा येतो. गडद दिसलं तर जास्त पडलंय. २ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन असेल तर २५ मिली १ लिटर साध्या स्वच्छ पाण्यात. मिठाच्या पाण्यात मिसळू नका, साका धरू शकतो. डोळ्यापासून ते लांब ठेवा. दोन्हींचे साबणयुक्त 'स्क्रब' प्रकार मिळतात, ते उघड्या जखमेसाठी नव्हेत. हलवल्यावर फेस आला की ओळखा.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं घरगुती जंतुनाशक, म्हणजे क्लोरोझायलेनॉल, मांजरीच्या बाबतीत पूर्ण टाळा. ते फिनॉल जातीचं आहे, आणि ओले पाय चाटून तोंडात फोड येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येतो, समाधान वाटतं आणि भरत आलेल्या पेशी मरतात. स्पिरिटबद्दल तर बोलायलाच नको.

डॉक्टरकडे जाईपर्यंतचा एक दिवस

आधी चाटणं थांबवा. गळ्यात कोन, म्हणजे चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर, घाला. त्याची कड नाकाच्या टोकाच्या एक-दोन बोटं पुढे यायला हवी, नाहीतर कुत्रा मान वाकवून पोहोचतोच. बऱ्याचशा लालसर चट्ट्यांत निम्मं काम केवळ कोनाने होतं.

मग दिवसाच्या उजेडात केस बाजूला करून फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून. चट्ट्याभोवतीचे केस ट्रिमरने कापा. कात्री वापरू नका. मांजरीची कातडी इतकी सैल असते की केसांबरोबर तीही पात्यात येते. कात्रीशिवाय इलाज नसेल तर मधे कंगवा घालून कंगव्याच्या वरचेच केस कापा.

पिसवा तपासा. बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. मिनिटाभरात भोवती तांबूस ओघळ आला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. खाजेचं कारण सापडलं, आणि त्याला मलम हा उपाय नाही.

मिठाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करा आणि तिथेच थांबा. मलम नको. पशुवैद्य कातडी खरवडून किंवा काच टेकवून नमुना घेतील. त्यावर मलमाचा थर असला की सूक्ष्मदर्शकाखाली चरबीचे थेंबच दिसतात. आधी काही लावलं असेल तर लपवू नका. नाव, टक्के, किती दिवस, हे सरळ सांगा.

आणि वाट पाहू नये अशी चिन्हं: जखमेतून दुर्गंधी, हाताच्या तळव्याहून मोठा ओलसर चट्टा, चेहरा सुजणं, डोळा मिटून धरणं, खाणं सोडणं. घरातल्या माणसांच्या हातावर किंवा पोटावरही खाज, गोल चट्टे दिसू लागले तर गजकर्ण किंवा खरूज असण्याची शक्यता मोठी. माणसांनी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं, जनावराने जनावरांच्या. ट्यूब वाटून घ्यायची नाही.

पशुवैद्याने माणसाचंच मलम सांगितलं तर

असं होतं, आणि त्यात वावगं काही नाही. १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन, सिल्व्हर सल्फाडायझिन, मायकोनाझोल अशी औषधं विचारपूर्वक दिली जातात. मात्र दुकानात 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरं काही हातात ठेवलं तर घटक पडताळा. अक्षर एक बदललं की औषध बदलतं.

निघण्याआधी विचारून घ्या: नेमकं किती, दिवसातून किती वेळा, किती दिवसांनी बंद, चाटलं तर काय, आणि जनावर गाभण किंवा दूध पाजणारं आहे हे लक्षात घेतलंय ना.

लावताना हातमोजे घाला. केस फाटा पाडून बाजूला करा, कारण केसांवर लागलेलं औषध कातडीपर्यंत पोहोचत नाही, फक्त जिभेपर्यंत पोहोचतं. तांदळाच्या दाण्याएवढं मलम नाण्याएवढ्या जागेला पुरतं. पांढरा थर दिसत राहिला तर जास्त झालं, कोरड्या गॉजने टिपून घ्या. वेळ जेवणाच्या किंवा फिरायला नेण्याच्या आधीची निवडा, म्हणजे पहिली १५-२० मिनिटं लक्ष दुसरीकडे राहतं. तरी कोन काढू नका. तेलकट मलम तासाभरानेही जागेवर असतं. पट्टी बांधून वर झाकायची कल्पना चांगली वाटते, पण झाकल्याने औषध कितीतरी जास्त शोषलं जातं, विशेषतः स्टेरॉइड. सांगितल्याशिवाय बांधू नका.

तीन दिवसांत फरक नसेल, किंवा लावल्यावर जागा अधिक लाल होऊन जनावर पळू लागलं, तर थांबून फोन करा.

तुमची स्वतःची मलमं लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा कपड्याने झाका, जनावराला ती चाटू देऊ नका. वापरलेला कापूस झाकणाच्या डब्यात टाका. पलंगाशेजारचा छोटा मेज ही ट्यूब ठेवायची सर्वांत वाईट जागा आहे.

चाटलं, तर

जनावर शुद्धीत असेल तर तोंडाभोवतीचं आणि अंगावरचं मलम आधी कोरड्या कागदाने पुसा. लगेच पाणी ओतलं की तेलकट मलम पसरतं. मग कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य द्रव साबण. दोनदा फेस करून धुवा, नीट कोरडं करा, ऊबदार ठेवा. गार पाण्याने धुतलेली मांजर थंडीने काकडते, आणि पर्मेथ्रिनने आलेली थरथर त्यात लपते किंवा वाढते. झटके चालू असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, चादरीत गुंडाळून थेट दवाखाना.

घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका. मीठ पाजल्याने मिठाचीच विषबाधा होते, घशात बोटं घातल्याने चावा बसतो, आणि झटक्यांच्या उंबरठ्यावर असलेल्या जनावराची उलटी फुप्फुसात जाते. मांजरीला पेरॉक्साइड पाजणं तर कधीच नाही. दूध विष उतरवत नाही.

मग आकडे जमवा. ट्यूबवर लिहिलेलं निव्वळ वजन पाहा. उरलेलं मलम एका वाटीत पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, वाटीचं वजन वजा करा. ३० ग्रॅमच्या नव्या ट्यूबमधून २१ उरलं, तर जास्तीत जास्त ९ ग्रॅम गेलं. जुनी ट्यूब असेल तर आजवर अंदाजे किती वापरली ते वजा करा, आणि शंका असेल तिथे जास्तीचा आकडा धरा. जनावराचं वजन, चाटल्याची वेळ, घटक आणि टक्के, हे कागदावर लिहून ट्यूबसकट न्या. चावलेली, फाटलेली ट्यूब फेकू नका.

लक्षणांची वाट पाहायची की नाही हे औषधावर ठरतं. फ्लुरोयुरॅसिलमध्ये अर्ध्या तासापासून काही तासांतच झटके येतात, म्हणून फोन गाडीत बसल्यावर करायचा. वेदनाशामकांत काळी शी आणि उलट्या दिसेपर्यंत एक-दोन दिवस जाऊ शकतात, तोवर मूत्रपिंडाला धक्का बसलेला असतो. कॅल्सिपोट्रिऑल सर्वांत फसवं: पहिले काही तास कुत्रा शेपटी हलवत फिरतो, आणि कॅल्शियम पुढच्या एक ते तीन दिवसांत चढतं. त्यामुळे त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासून आकडे ठीक आले तरी डॉक्टर पुढचे काही दिवस रोज रक्त तपासायला बोलावतील. कुत्रा कितीही मजेत दिसला तरी त्यातली एकही तपासणी चुकवायची नाही.